ओसरीवरून : जाईचा आनंद

गेल्या महिन्यांत एका वाचक भगिनींचें पत्र आमच्या हातीं आलें. पत्र लहानच, पण मजकूर मनाला लावून घेतलेला. त्यांच्या घरीं धाकटी सून रोज सायंकाळीं विलायती अत्तर लावून माजघरांत वावरते. घरांत सासरे आहेत, दीर आहेत, जपजाप्य करणारीं वडील माणसें आहेत. तेव्हां हें कुलीन घराण्याला शोभतें काय, असा त्यांचा प्रश्न. 'आपण शिक्षक, शिवाय संस्कृत जाणणारे. आपण सांगाल तें आम्ही सासूसून दोघीही मानूं,' अशी पुस्ती त्यांनीं जोडली होती. अशी पुस्ती वाचली कीं आमच्या अंगावर कांटा येतो. दोन्ही पक्षांनीं निवाडा आधींच कबूल केला, म्हणजे खरी परीक्षा निवाडा देणाराचीच होते, हें पस्तीस वर्षांच्या शाळामास्तरकींत आम्ही पुरतें शिकलों आहों.

उत्तर लिहावयास बसलों आणि थांबलों. कारण तोच प्रश्न मागील वर्षीं आमच्याही घरांत उपस्थित झाला होता, आणि त्याचा निकाल आम्हीं दिला नव्हता. आमच्यापेक्षां अधिकारानें फार मोठ्या व्यक्तीनें तो दिला. ती हकीकत सांगणें हेंच आमचें उत्तर. मात्र ज्या अत्तरावरून हें सारें घडलें त्याची ओळख वाचकांस प्रथम करून दिली पाहिजे. कारण तें अत्तर सामान्य नव्हे.

आमच्या सूनबाईंचे थोरले बंधू कांहीं वर्षें पॅरिसला होते. २०१६ सालीं बहिणीच्या लग्नांत त्यांनीं एक लहानशी कुपी भेट दिली. कुपीवर नांव 'जॉय', म्हणजे आनंद. सूनबाई ती एखाद्या दागिन्याप्रमाणें कपाटांत जपून ठेवीत आणि सणावारीं तेवढा एखादा थेंब वापरीत.

या अत्तराचा जन्म १९३० सालचा. झां पातू नांवाचा पॅरिसमधील एक नामांकित वस्त्रकार होता. सुझान लेंग्लेन या विख्यात टेनिसपटू बाईंचा खेळावयाचा सुटसुटीत वेष त्यानेंच तयार केला होता. त्याच्याकडे उंची पोशाख शिवून घेणाऱ्या पुष्कळ बायका अमेरिकन धनिकांच्या घरच्या असत. १९२९ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि हीं गिऱ्हाइकें येईनाशीं झालीं. अशा वेळीं व्यवहारी माणूस स्वस्त माल काढतो. पातूनें उलट केलें. आपल्या आंरी आल्मेरास नांवाच्या गंधकाराकडून त्यानें असें एक अत्तर बनवून घेतलें कीं, 'जगांतील सर्वांत महाग अत्तर' अशीच त्याची जाहिरात झाली. ज्यांना त्याचे पोशाख आतां परवडत नव्हते अशा जुन्या गिऱ्हाइकांना त्यानें तें भेटीदाखल पाठविलें, असें सांगतात. दिवाळें वाजलेल्या जगाला आनंद पाठवावयाचा, ही कल्पना आम्हांला तरी निव्वळ व्यापारी वाटत नाहीं. मोडलेल्या घरींही पाहुण्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवणाऱ्या आमच्या आज्या तिचें मर्म जाणत्या.

हें अत्तर एवढें महाग कां? पेढी सांगे कीं, एका औंसाच्या म्हणजे सुमारें ३० मिलिलिटरच्या कुपीस १०,६०० जाईचीं फुलें आणि २८ डझन गुलाब लागतात. मास्तरांचा स्वभाव, आम्हीं लगेच पाटी घेतली. शंभर कळ्यांचा एक गजरा धरिला तर एका कुपींत १०६ गजरे झाले. आणि २८ डझन म्हणजे ३३६ गुलाब निराळेच. जाईचा १ किलो शुद्ध अर्क मिळावयास सुमारें ६०० ते ७०० किलो फुलें लागतात, आणि तीं सारीं हातानें, एकेक करून, पहांटेपासून वेंचावयाचीं. सोन्याचा भाव असावा तो यालाच.

हीं फुलें येत ग्रासहून. दक्षिण फ्रान्समध्यें, भूमध्य समुद्रापासून थोड्या अंतरावर डोंगरउतारावर वसलेलें हें गांव. पूर्वीं तें कातडें कमाविणारांचें होतें. कातड्याचा दर्प जावा म्हणून तेथें हातमोजे सुगंधी करण्याची चाल पडली. पुढें कातड्याचा धंदा मागें पडला आणि सुगंध तेवढा राहिला. मे महिन्यांत तेथें गुलाब फुलतो आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरपर्यंत जाई. गुलाब खुडला कीं त्याचा गंध होता तेवढ्यावरच राहतो. जाईचें तसें नाहीं; खुडल्यावरही ती पुष्कळ तास नवा गंध देत असते. म्हणून जुने लोक तिला उकळीत नसत. लांकडी चौकटींत कांच बसवून तिच्यावर शुद्ध केलेल्या चरबीचा थर देत आणि त्यावर फुलें पसरीत. दुसऱ्या दिवशीं तीं काढून ताजीं घालीत. असें अनेक दिवस चाले. चरबी गंधानें तृप्त झाली म्हणजे मद्यार्कानें तो सोडवून घेत. आतां ही रीत जवळजवळ गेली असून द्रावकांच्या साहाय्यानें काम होतें. आपल्याकडे तिळांना फुलांच्या थरांत ठेवून, ते वासित झाले म्हणजे घाण्यांत गाळून फुलेल तेल काढीत, त्याचें तत्त्व हेंच.

आतां एक गंमत. ग्रासची ही जाई मूळची फ्रान्सची नव्हेच. ती पूर्वेकडून तिकडे गेलेली. वनस्पतिशास्त्रांत जिला 'जास्मिनम ग्रँडिफ्लोरम' म्हणतात, तीच आपल्या परसांतली जाई. संस्कृतांत ती 'जाती'. प्राकृतांत मधला तकार गळून 'जाई' झाली. तमिळांत अजून तिला 'जाति मल्लि' म्हणतात. आज जगांतील अत्तरवाल्यांना लागणारी बरीचशी जाई मिसर देशांतून आणि आपल्या तमिळनाडूंतून जाते. अमरकोशांत जातीचा आणखी एक पर्याय दिला आहे, तो 'सुमना'. सुमना म्हणजे जिचें मन प्रसन्न आहे ती. पातूला अमरकोश कोठला ठाऊक असणार! पण त्याच फुलाच्या अर्काला त्यानेंही नांव दिलें तें 'आनंद'. दूर अंतरावरच्या दोन माणसांनीं एकाच फुलाचा वास घेऊन एकच शब्द उच्चारावा, याला प्रमाण म्हणावें कीं योगायोग, हें वाचकांनींच ठरवावें.

'विलायती' या शब्दानें जे बिचकतात त्यांच्यासाठीं आणखी दोन शब्द. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत लिहिलेल्या बृहत्संहितेंत 'गंधयुक्ति' नांवाचा स्वतंत्र अध्याय आहे. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडलीं तर किती प्रकार होतात याचें गणित मांडून त्यानें १८२० हें उत्तर दिलें आहे. आमच्या वर्गांतील मुलें तें पडताळून पाहत आणि थक्क होत. पुण्याच्या भांडारकर संस्थेंतील कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं 'गंधसार' आणि 'गंधवाद' हे गंधशास्त्रावरील ग्रंथ उजेडांत आणिले. पैकीं गंधवादावर मराठी टीका आहे. तात्पर्य, सुगंधाचा शौक हा परदेशांतून आलेला रोग नव्हे.

असो. या अत्तराचा स्वभाव कसा, हें कळावें म्हणून आम्हीं सूनबाईंकडून एक थेंब धुवट हातरुमालावर घेतला आणि सायंकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत त्याच्याशीं ओळख वाढविली. प्रथम क्षणभर एक चकचकीत, किंचित् तिखट झुळूक येते; कोऱ्या रेशमी वस्त्राची घडी मोडावी तशी. तिच्या आडून पिकल्या पीचच्या फळाची गोडी डोकावते. मग फुलें येतात, आणि तीं एकएकटीं येत नाहींत. गुलाब कोणता आणि जाई कोणती हें संगमाखालच्या पाण्याप्रमाणें वेगळें काढतां येत नाहीं. मध्येंच निशिगंधाची दाट लाट येऊन जाते. दोन-तीन तासांनीं गोडी खालीं बसते आणि ऊब वर येते. चंदन आणि कस्तुरीच्या जातीचे वास. त्यांतच जवादीची एक छटा आहे. जवादी म्हणजे उदमांजराच्या जातीच्या प्राण्यापासून मिळणारें द्रव्य. आज तें बहुधा रसायनशाळेंतच बनवितात. नुसती जवादी हुंगाल तर नाक दाबाल. फार काय, खुद्द जाईच्या गंधांतही इंडोल नांवाचें एक द्रव्य असतें, तें एकटें व भरपूर असलें तर कुजका दर्प येतो. तेंच अत्यल्प असलें म्हणजे फुलाला जिवंतपणा येतो. तें काढून टाकलेली जाई गोड लागते, पण कागदी. निर्दोष माणसांच्या सहवासांत आपणांस कंटाळा कां येतो, याचा उलगडा आम्हांला या कुपीनें केला.

साहित्यशास्त्रांत नायिकांचे मुग्धा, मध्या आणि प्रगल्भा असे भेद आहेत. लिंबाच्या नि ताज्या पाण्याच्या वासाचीं हलकीं अत्तरें ती मुग्धा. आली, हसली, गेली. १९२१ सालीं अर्नेस्त बो यानें शानेलसाठीं केलेलें 'नंबर पांच' जाणूनबुजून कोणत्याही एका फुलासारखें न ठेवलेलें. बुद्धिमान, पण थोडें अलिप्त. जॉय ही प्रगल्भा. ती फुलांना लपवीत नाहीं, लाजतही नाहीं. तिचा आनंद खिदळण्याचा नव्हे. हर्ष हा व्यभिचारी भाव. येतो आणि ओसरतो. जॉयचा आनंद भरल्या घरांतल्या, चार सुखदुःखें पचविलेल्या बाईचा आहे. तो बसला म्हणजे उठत नाहीं. दोष म्हणाल तर तोही येथेंच. एक थेंब अधिक झाला कीं खोलींत दुसऱ्या कोणास जागा उरत नाहीं. श्रीमंतीला जी संयमाची गरज असते ती या अत्तराला पुरेपूर आहे.

२००० सालीं अमेरिकेंतील फ्रेग्रन्स फाउंडेशनच्या समारंभांत याला शतकाचा सुगंध म्हणून गौरविलें. आणि २०१८ सालीं काय झालें पाहा. दिओरची मालकी असलेल्या बड्या उद्योगसमूहानें पातूची पेढी आपल्या ताब्यांत घेतली. त्याच वर्षीं 'जॉय' हें नांव दिओरच्या एका निराळ्याच नव्या अत्तराला मिळालें, आणि जुनें जॉय निघणें बंद झालें. त्याच सालीं ग्रासच्या गंधविद्येला युनेस्कोनें मानवजातीच्या सांस्कृतिक वारशांत मानाचें स्थान दिलें, हेंही नमूद करावयास हवें. वारशाचा गौरव आणि वारशाचा अस्त एकाच पंचांगांत असूं शकतात. म्हणजे आमच्या सूनबाईंच्या कपाटांतली कुपी संपली कीं संपलीच.

आतां हकीकत. गेल्या श्रावणांत शुक्रवारीं आमच्याकडे हळदीकुंकू होतें. पेठेंतल्या वीस-पंचवीस बायका जमल्या होत्या. दरवर्षीं हातावर लावावयास हिन्याचें अत्तर असतें. त्या दिवशीं तें सांपडेना, तेव्हां सूनबाई आपली कुपी घेऊन आल्या. आमच्या कुटुंबाला तें रुचलें नाहीं. चरबीची ती जुनी रीत कोठून तरी त्यांच्या कानीं गेली होती (सांगणारे आम्हीच), शिवाय त्यांत मद्यार्क. 'सवाष्णींच्या हाताला हें कसलं लावायचं?' असा त्यांचा आक्षेप. पण पाहुण्यांदेखत बोलणें बरें नव्हे म्हणून त्या गप्प राहिल्या.

आमची थोरली बहीण अक्का आमच्याकडेच असते. १९६७ सालीं, बावीस वर्षांची असतां, ती विधवा होऊन माहेरीं परतली. आज तिनें ऐंशी ओलांडली आहेत. हळदीकुंकवाच्या दिवशीं ती आपण होऊन आंतल्या खोलींत पोथी घेऊन बसते. तिला कोणी बस म्हणत नाहीं आणि कोणी ये म्हणत नाहीं. सूनबाई ओळीनें सर्वांच्या हातांना अत्तर लावीत गेल्या, आणि ओळ संपली तशा सरळ आंतल्या खोलींत गेल्या. 'आत्याबाई, हात पुढं करा,' म्हणाल्या, आणि अक्काच्या मनगटाला त्यांनीं अत्तर लावलें. बाहेर एकदम शांतता झाली, असें आमच्या कुटुंबानें मागाहून सांगितलें.

अक्कानें हात नाकाशीं नेला आणि बराच वेळ तेथेंच धरिला. 'जाई आहे ग ही,' एवढेंच ती म्हणाली.

सायंकाळीं आम्ही घरीं आलों तेव्हां ती ओसरीवर बसली होती. आम्हांला पाहून म्हणाली, 'बापू, परसातला जाईचा वेल आठवतो का रे तुला?'

न आठवून कसें चालेल? आम्ही दहा वर्षांचे असतांना तिन्हीसांजेला त्या मांडवाखालीं उभे राहून अक्काच्या गजऱ्यासाठीं कळ्या काढून देत असूं. माहेरपणाला आली कीं ती आम्हांला खांद्यावर घेई, वरच्या कळ्या हाताशीं याव्या म्हणून. आणि तो वेल कोणीं तोडविला हेंही आम्हांला ठाऊक होतें. आमच्या वडिलांनीं. ती परत आली त्याच महिन्यांत. तिची दृष्टि त्यावर पडूं नये म्हणून. त्यांत दुष्टावा नव्हता. वेल तुटत असतां वडील तोंड फिरवून उभे होते, हें आम्हीं पाहिलें आहे.

'मला बघवणार नाही असं सगळ्यांना वाटलं,' अक्का म्हणाली. 'मला कुणी विचारलंच नाही. माळायची बंदी होती रे, वास घ्यायची कुठं होती?'

वाचकहो, आम्हीं पस्तीस वर्षें मुलांना फुलांवरचीं सुभाषितें शिकविलीं. दर शनिवारीं देवांसाठीं फुलें आणिलीं, कुटुंबासाठीं गजरा आणिला. त्याच घरांत, त्याच ओसरीवर अक्का होती. तिच्या हातावर चार कळ्या ठेवाव्या हें आम्हांला एकदांही सुचलें नाहीं. वडिलांनीं वेल एकदां तोडला. आम्हीं तो पन्नास वर्षें तोडलेलाच ठेवला. यापुढें आमच्याजवळ उत्तर नव्हतें आणि आम्हीं तें दिलेंही नाहीं.

इतक्यांत सूनबाई कुपी घेऊन आल्या. 'आत्याबाई, ही तुम्हीच ठेवा. मला सण असला तरच लागते.' अक्का हसली. म्हणाली, 'तुझ्या भावानं दिलेली, ती तुझ्यापाशीच राहू दे. आणि ती काय, आज ना उद्या संपायची. बापू, तू आपला एक वेल लाव.'

दुसऱ्या दिवशीं आम्हीं जाईचें रोप आणिलें. खड्डा आम्हीं केला. रोप अक्कानें लावलें. यंदाच्या आषाढांत त्याला पहिला बहर आला. पहिल्या दिवशीं सात कळ्या. अक्कानें पांच देवांना वाहिल्या आणि दोन आपल्यापाशीं ठेवल्या. त्यांचें तिनें काय केलें हें आम्हीं विचारलें नाहीं. आणि यंदाच्या हळदीकुंकवाला हिन्याची कुपी घेऊन आमचें कुटुंब प्रथम आंतल्या खोलींत गेलें आणि अक्काचा हात धरून तिला बाहेर घेऊन आलें. दोन बायका लवकर उठून गेल्या. बाकीच्या बसल्या.

आतां पत्र लिहिणाऱ्या भगिनींस आमचें उत्तर. अत्तर लावणें कुलीनतेस बाधक नाहीं. अतिरेक बाधक आहे. एक थेंब मनगटाला पुरे. आजाऱ्याच्या खोलींत आणि स्वयंपाकाच्या विस्तवापाशीं मद्यार्काचीं अत्तरें नेऊं नयेत. रेशमावर आणि मोत्यांवर तीं उडवूं नयेत. कुपी उन्हापासून दूर ठेवावी. जपाला बसलेल्या वडिलांना वासानें त्रास होत असेल तर सूनबाईंना तसें गोडीनें सांगावें, त्या ऐकतील. एवढी झाली रीत. परंतु तुम्हीं आम्हांला न्याय विचारला आहे, तर एक गोष्ट आणखी करा. सून अत्तर कां लावते याचा विचार आज राहूं द्या. आपल्या घरांत तें कोणाच्या हाताला आजवर लागलें नाहीं, तें एकदां आंतल्या खोलींत जाऊन पाहून या.